शाळा टाळली, कॉलेजचे काय?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांना नातेवाईक आणि शेजारी हमखास एक प्रश्न विचारतात : पुढे कॉलेजचे काय करणार? हा प्रश्न बहुधा खवचटपणे विचारला जातो आणि म्हणूनच तो झटकूनही टाकला जातो. वास्तविक गृहशिक्षणाच्या साऱ्या प्रयोगात तोच सर्वांत अवघड प्रश्न आहे. वर्गाच्या चार भिंती टाळता येतात. प्रवेशाच्या अर्जावरील चौकटी टाळता येत नाहीत. घरात तीन-चार मुले असतील तर या प्रश्नाला दुसरी बाजूही येते, ती पैशांची. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून मुलुंडपर्यंत, मुलांना घरी शिकवण्याविषयीचे कुतूहल गेल्या काही वर्षांत वाढले आहे. त्यामुळे या दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून पाहणे आवश्यक ठरते.

गृहशिक्षणाची चर्चा निघाली की मुंबईच्या मालविका जोशीचे नाव निघतेच. दादरच्या शाळेतून सातवीनंतर बाहेर पडलेली ही मुलगी २०१६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाली. तिच्याकडे दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नव्हते; होती ती आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमधील तीन पदके. बारावीच्या दाखल्याअभावी आयआयटीचे दार तिच्यासाठी बंद होते. भारतात तिच्या गुणवत्तेची कदर चेन्नईच्या गणित संस्थेने केली. ही कथा प्रेरक खरीच. पण तिच्यातून चुकीचा धडा घेतला जाण्याचा धोका अधिक आहे. ऑलिम्पियाडमध्ये भारताचे प्रतिनिधित्व करणारे विद्यार्थी देशभरातून मोजके असतात. घरात चार मुले असतील तर चौघेही पदके आणतील, या भरवशावर कोणत्याही कुटुंबाने योजना आखू नये. सामान्य बुद्धीच्या, मेहनती मुलाला कॉलेजात कसे जाता येईल आणि त्याचे पैसे कोठून येतील, हाच खरा प्रश्न आहे.

दाखल्याचा रस्ता

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे त्यातील दहाव्या कलमाने पालकांचे कर्तव्य ठरवले. मात्र ते न पाळणाऱ्या पालकांसाठी शिक्षेची तरतूद केली नाही. या मोकळ्या जागेत गृहशिक्षण उभे आहे. ते सरकारने प्रोत्साहन दिलेले नाही आणि गुन्हाही नाही. चौदाव्या वर्षानंतर मात्र परिस्थिती स्पष्ट होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजेच ‘एनआयओएस’च्या दहावीला चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला नोंदणी करता येते. तेथे एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. सर्व विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नसते आणि शुल्क शाळेच्या तुलनेत नगण्य असते. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचाही पर्याय आता आहे. राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगीरीत्या बसण्याचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ मराठी घरांना पिढ्यान्पिढ्या परिचित आहे. पण बारावीच्या पातळीवर तो प्रामुख्याने कला-वाणिज्याच्या विद्यार्थ्यांचा मार्ग आहे.

मुक्त विद्यालयाच्या प्रमाणपत्राला कमी लेखण्याची सवय हळूहळू मोडत आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमावलीत मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना अपात्र ठरवणारी तरतूद होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती रद्द ठरवली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा वाद विद्यार्थ्यांच्या बाजूने मिटला. जेईई परीक्षेलाही किमान पाच विषयांसह बारावी झालेला ‘एनआयओएस’चा विद्यार्थी बसू शकतो.

तरीही दार उघडे असणे आणि त्यातून वेळेत आत शिरणे यांत फरक आहे. दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रांत साधारणपणे दोन वर्षांचे अंतर लागते. मुलगा सोळाव्या वर्षी दहावीला बसला, तर अठराव्या वर्षापूर्वी बारावी होण्याची शक्यता मावळते. जेईई ॲडव्हान्स्ड ही परीक्षा बारावीला प्रथम बसल्यापासून लागोपाठच्या दोन वर्षांतच देता येते. त्यामुळे विषय हप्त्याहप्त्याने सोडवण्याची जी मुभा गृहशिक्षणाचे बलस्थान म्हणून सांगितली जाते, ती येथे अंगाशी येऊ शकते. विज्ञान घ्यायचे तर प्रात्यक्षिकांसाठी अभ्यास केंद्र गाठावे लागते. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशात दहावी-बारावी कोठून झाली आणि अधिवास कोठला, यावर जागांचा कोटा ठरतो. या गोष्टी मुलगा बारावीत गेल्यावर शोधून चालत नाही. तो तेरा वर्षांचा असतानाच त्यांचे टिपण तयार हवे. थोरल्याच्या वेळी झालेला हा अभ्यास धाकट्यांना उपयोगी पडतो, हा मोठ्या कुटुंबाचा एक फायदा. पण नियम दरवर्षी बदलतात. थोरल्याच्या वेळची माहिती धाकट्याच्या वेळी जशीच्या तशी चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

खर्च टळत नाही, पुढे जातो

शाळेची फी वाचते म्हणून गृहशिक्षण स्वस्त, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मुलांना घरी शिकवायचे तर आई-वडिलांपैकी एकाला, बहुतेक वेळा आईला, नोकरी सोडावी लागते किंवा कमी करावी लागते. अंधेरीसारख्या उपनगरात, जेथे घराचा हप्ता वा भाडे दोन पगारांच्या भरवशावर पेललेले असते, तेथे एक पगार बंद होणे ही कोणत्याही शाळेच्या फीपेक्षा मोठी किंमत ठरू शकते. वाचलेली फी घरखर्चात विरून जाते आणि थोरला अठरा वर्षांचा झाला की मोठी रक्कम एकदम समोर उभी राहते.

एक उदाहरण घेऊ. घरात चार मुले, प्रत्येकी दोन वर्षांच्या अंतराची. प्रत्येकाची पदवी चार वर्षांची आणि खर्च वर्षाला सरासरी दोन लाख रुपये. महागाई बाजूला ठेवली तरी एकूण खर्च बत्तीस लाख होतो. तो एकाच वर्षी येत नाही, दहा वर्षांत पसरतो. पहिली दोन वर्षे दोन-दोन लाख, मधली सहा वर्षे चार-चार लाख आणि शेवटची दोन वर्षे पुन्हा दोन-दोन लाख. म्हणजे मधल्या सहा वर्षांत घरातील दोन मुले सतत कॉलेजात असतात. पालकांचे वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास असते आणि निवृत्तीची बचत याच काळात व्हायची असते.

आता याच कुटुंबाने शाळेची वाचलेली फी म्हणून प्रत्येक मुलामागे दरमहा पाच हजार रुपये दहा वर्षे बाजूला टाकले असते, तर प्रत्येकाच्या नावे सहा लाखांचे मुद्दल जमले असते; चौघांचे मिळून चोवीस लाख. बत्तीसपैकी चोवीस लाखांची सोय व्याज न धरताच झाली असती. गृहशिक्षणाचा आर्थिक लाभ असलाच तर तो येथे आहे, आणि तो शिस्तीवर अवलंबून आहे. फी भरण्याची सक्ती नसलेल्या घरात स्वतःच स्वतःवर फी आकारावी लागते.

दोनच्या पुढे मोजणी थांबते

मोठ्या कुटुंबाची खरी अडचण पुढे आहे. सरकारी सवलतींचा साचा ‘हम दो, हमारे दो’च्या काळातील आहे आणि त्याची मोजणी दोनवर थांबते. जुन्या प्राप्तिकर प्रणालीत शिक्षण शुल्कावर मिळणारी वजावट दोन मुलांपुरतीच आहे. ती शाळा-कॉलेजच्या शुल्कासाठी असल्याने घरी शिकवण्यावर झालेल्या खर्चाला लागू नाही. नव्या प्रणालीत तर ती मुळातच नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेत एका कुटुंबातील दोनच मुलींची खाती उघडता येतात. जुळ्या-तिळ्यांचा अपवाद सोडता तिसरीला जागा नाही. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत पालकाच्या आणि त्याने उघडलेल्या अज्ञान मुलाच्या खात्याची मिळून वर्षाला दीड लाखाची एकच मर्यादा असते. मुले वाढली म्हणून ती वाढत नाही. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात सवलत देणारी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीही आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेबरोबरच ‘कुटुंबातील दोन अपत्ये’ ही अट घालते.

या अटीमागे धोरण होते. राज्याने २००५ मध्ये सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले, त्याच विचाराची ही शाखा. मर्यादित पैसा अधिक कुटुंबांपर्यंत पोहोचावा, हा युक्तिवादही चुकीचा नाही. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ वर आला आहे. लोकसंख्येला आवर घालण्याचे जे काम या अटीने करायचे होते, ते शिक्षण आणि शहरी राहणीमान यांनी केव्हाच केले. आज ही अट कोणाला तिसरे मूल होण्यापासून परावृत्त करत नाही. ती फक्त आधीच जन्मलेल्या तिसऱ्या मुलाला त्याच्या जन्मक्रमाची शिक्षा देते. अशी कुटुंबे आता थोडी आहेत, म्हणूनच अट काढल्यास तिजोरीवर पडणारा भारही थोडाच असेल. उत्पन्नाची मर्यादा कठोर ठेवावी. पण त्या मर्यादेत बसणाऱ्या विद्यार्थ्याला तो कितवा, हे विचारू नये.

हा प्रश्न केवळ भारतापुरता नाही. अमेरिकेत गृहशिक्षण सर्व राज्यांत कायदेशीर आहे. तेथे सरकारी मदतीचे सूत्र ठरवताना एकाच वेळी घरातील किती मुले कॉलेजात आहेत, हे पाहिले जात असे. २०२४-२५ पासून ती सवलत रद्द झाली आणि मोठ्या कुटुंबांच्या, त्यांत तेथील मराठी घरांच्याही, हिशेबात फरक पडला. एक उत्पन्न आणि अनेक विद्यार्थी हे समीकरण कोणत्याच व्यवस्थेला नीट सोडवता आलेले नाही.

कर्जाआधीचे पर्याय

उरतो कर्जाचा मार्ग. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणाशिवाय कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि इतर सरकारी सवलत न घेणाऱ्या घरांतील विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होण्यापूर्वीच्या काळासाठी तीन टक्के व्याज सवलतीची तरतूद आहे. दरवर्षी ती मर्यादित विद्यार्थ्यांनाच मिळते. योजना चांगली, पण ती ठरलेल्या यादीतील संस्थांपुरतीच आहे. शिवाय कर्जे वेगवेगळ्या मुलांच्या नावे असली तरी सहकर्जदार म्हणून सही करणारा पालक एकच असतो. तिसऱ्या कर्जाच्या वेळी बँक पहिल्या दोन कर्जांकडे पाहणारच.

म्हणून कर्जाआधी शुल्काचा विचार हवा. अंधेरीत भवन्सच्या आवारात महाविद्यालय, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन अशा संस्था शेजारी-शेजारी आहेत. मुंबईतील कित्येक कॉलेजांत एकाच इमारतीत अनुदानित शाखेचे शुल्क काही हजारांत असते आणि विनाअनुदानित अभ्यासक्रमाचे त्याच्या कित्येक पट. आयआयटीत शिक्षण शुल्क जास्त असले तरी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर ते पूर्ण माफ होते आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर दोन-तृतीयांश. मद्रास आयआयटीने २०२० मध्ये सुरू केलेला ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम, इग्नू आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ हे पर्याय घरी शिकण्याची सवय असलेल्या मुलांना इतरांपेक्षा सोपे जातात. मान्यताप्राप्त दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. चारपैकी दोन मुलांनी हा मार्ग स्वीकारला, तर उरलेल्या दोघांच्या महागड्या शिक्षणाला वाट मिळते.

मात्र येथे घरातील न्यायाचा प्रश्न उभा राहतो. थोरल्याच्या अभियांत्रिकीत बचत संपली म्हणून धाकटीने दूरस्थ पदवीवर समाधान मानावे, असे घडू नये. मराठी मध्यमवर्गात मुलाच्या शिक्षणासाठी मुलीच्या शिक्षणाला कात्री लावण्याची परंपरा फार जुनी नाही. ती गृहशिक्षणाच्या नावाखाली परत येणार असेल, तर साऱ्या प्रयोगाचा पायाच डळमळेल. प्रत्येक मुलाचा वाटा आधीच ठरवून वेगळा ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

घरी शिकवणारे पालक व्यवस्थेबाहेर राहण्याचे धैर्य दाखवतात. परंतु अठराव्या वर्षी त्यांची मुले त्याच व्यवस्थेच्या रांगेत उभी राहतात आणि तेव्हा पालकांच्या विचारसरणीची किंमत मुलांना मोजावी लागता कामा नये. पालकांनी दाखल्याचा आणि पैशांचा हिशेब मूल तेरा वर्षांचे होण्यापूर्वी मांडावा. सरकारनेही तिसऱ्या मुलाला विद्यार्थी म्हणून मोजायला शिकावे.