काशीची हाक

वाचकहो, काशीच्या दुर्गाघाट व ब्रह्माघाट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांविषयी आपण ऐकले असेलच. पावसाळ्यात गंगा चढली की घाटांच्या पायऱ्या बुडतात. मोठ्या पुरात पाणी सखल वस्त्यांतही शिरते. अशा वेळी वीज गेली आणि मोबाइल मुका झाला, तर शेजारच्या मोहल्ल्यास हाक द्यावी कशी?

परवानाधारक हौशी रेडिओचालकाजवळ, म्हणजेच ‘हॅम’जवळ, हातात मावणारा बिनतारी संच असतो. त्याच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. माणसाच्या उंचीवरून सपाट भूमीवर त्यांचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटरच असते. गल्ल्यांतील दगडी वाड्यांमधून तर पल्ला याहूनही तोकडा. यावर उपाय रिपीटरचा. उंचावर बसविलेले हे यंत्र एका कंप्रतेवर आवाज ऐकते आणि तत्क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर तो जोमाने प्रक्षेपित करते. पुण्याभोवती डोंगर आहेत; काशी मैदानात वसलेली. तेथे उंच इमारतीचा किंवा मनोऱ्याचाच आधार. ३० मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे २२ किलोमीटरपर्यंत सरकते.

दूरदूरचे रिपीटर इंटरनेटद्वारे जोडताही येतात. एकोलिंक ही अशीच योजना २००२ मध्ये निघाली. जपानमधील हौशी रेडिओ संघाने विकसित केलेल्या डी-स्टार पद्धतीत आवाजाचे अंकांत रूपांतर होते. अशा जोडणीने काशीतील हातसंच पुण्यातील संचाशी बोलू शकेल.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. इंटरनेट तुटले की हा लांबचा पूल कोसळतो. रिपीटरला स्वतःची बॅटरी असेल, तर निदान गावची हाक गावात फिरत राहते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या भूजच्या भूकंपात हौशी चालकांनी निरोप पोहोचविले, ते या जोडण्या रूढ होण्यापूर्वी.

म्हणून, परीक्षा देऊन परवाना मिळविलेल्या मंडळींनी अधूनमधून इंटरनेट बंद ठेवून, केवळ बॅटरीवर सराव करावा. एका वेळी एकानेच बोलावे. दोन बोलण्यांमध्ये क्षणभर थांबावे, कारण त्या मोकळ्या क्षणात एखाद्या संकटग्रस्ताचा आवाज येऊ शकतो. तहान लागल्यावर विहीर खणणे जसे व्यर्थ, तसेच पूर आल्यावर संच हाताळावयास शिकणेही व्यर्थच.