अंग कोरडे, पाणी गार

रुआबांध्याच्या मुलांचे पोहणे तलावात. समुद्र पाहायचा तर पुरीची गाडी पकडायची आणि रात्र प्रवासात काढायची. अशा घरातला मुलगा नोकरीसाठी इंग्लंडला गेला आणि स्कुबा डायव्हिंग शिकतो म्हणाला, तर आईला पहिली आठवण थंडीची होणार. तिची काळजी रास्तच आहे. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते.

मालवणजवळ तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात शिकणाऱ्यांना ही चिंता नाही. इंग्लंडमध्ये मात्र लेस्टरशायरच्या स्टोनी कोव्हसारख्या, पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत लोक शिकतात. (समुद्र तिथूनही लांबच!) हिवाळ्यात तिथे ड्रायसूटच बरा.

साध्या वेटसूटमध्ये पाणी शिरते आणि अंगाच्या उबेने कोमट होते. ड्रायसूटमध्ये ते शिरतच नाही. मानेशी व मनगटांशी रबराच्या घट्ट पट्ट्या, पाणी न शिरणारी चेन, आत उबदार कपडे. मानेची पट्टी चढवताना टाल्कम पावडर उपयोगी पडते.

ऊब टिकवते ती मुख्यतः आतली हवा, आणि परीक्षा पाहते तीही हवाच. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, हवा निम्म्या जागेत मावते आणि सूट अंगाला चिमटे काढू लागतो. मग छातीवरचे बटण दाबून टाकीतली थोडी हवा आत घ्यायची. वर येताना तीच हवा फुगते. ती डाव्या दंडावरच्या झडपेतून सोडायची, आणि त्यासाठी दंड उंच धरायचा. डोके खाली गेले की हवा पायांकडे धावते, झडपेपर्यंत पोहोचतच नाही, आणि माणूस फुग्यासारखा, पाय वर करून, वर खेचला जातो. ऐकायला गंमत वाटते, पण भरधाव वर येणाऱ्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. श्वास रोखला असेल तर फुप्फुसही फाटते.

म्हणून पहिले धडे उथळ पाण्यात. मुद्दाम उलटे व्हायचे, गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची, सरळ होऊन हवा सोडायची. कंटाळा येईपर्यंत हेच! घाई करणाऱ्या शिक्षकापेक्षा कंटाळा आणणारा शिक्षक केव्हाही चांगला.

आइसलँडच्या सिल्फ्रा भेगेत पाणी वर्षभर २ ते ४ अंश असते. तिथे उतरायचे तर ड्रायसूटचे प्रमाणपत्र किंवा अशा डाइव्हची नोंदवही दाखवावी लागते. ती नसेल त्यांनी पाण्याच्या वरवर तरंगत स्नॉर्केलिंग करायचे.