घशातली आग कोल्ड्रिंकने झाकू नका

फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्र सरकारने अमेरिकेच्या बर्बन व्हिस्कीवरचे आयात शुल्क 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आणले. बीडसारख्या जिल्ह्यात ही बाटली अजूनही चैनीचीच राहणार आहे. पण ती पहिल्यांदा हाती धरणाऱ्याला जो प्रश्न पडतो, तोच साध्या क्वार्टरची पहिली ओळख होणाऱ्यालाही पडतो: घशाची ही आग कमी कशी करायची? याला दोन उत्तरे आहेत. एक, दारूत पाणी घालून ती खरोखर सौम्य करायची आणि सावकाश प्यायची. दोन, गोड कोल्ड्रिंक ओतून आग जाणवणारच नाही असे करायचे. आपल्याकडे दुसराच मार्ग सर्रास चालतो आणि तो घातक आहे, असे माझे ठाम मत आहे.

ही आग होते कशाने ते आधी पाहू. मिरची तोंडात गेल्यावर जिभेतल्या ज्या संवेदक पेशी पेटून उठतात, त्यांचे मूळ काम उष्णतेची वर्दी देण्याचे. एरवी त्या साधारण 42 अंश सेल्सिअसच्या पुढे चटका जाणवून देतात. अल्कोहोलचा स्पर्श झाला की ही मर्यादा 34 अंशांच्या आसपास उतरते, असे 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. शरीराचे तापमान 37 अंश. म्हणजे दारू गरम नसतेच, आपल्याच अंगातली ऊब आपल्याला भाजते. मिरचीशी तर मराठवाड्याचे जुने नाते. ठेचा कसा खायचा हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही: भाकरीच्या तुकड्याला जरासा लावायचा, वर तेलाची धार धरायची आणि घास सावकाश चावायचा. ठेच्याचा गोळा कुणी एका दमात गिळत नाही. दारूच्या बाबतीत मात्र ही समज कुठे जाते कळत नाही. पहिला पेग नाक दाबून घशाखाली ढकलायचा आणि मागोमाग शेंगदाण्यांची मूठ तोंडात टाकायची, यालाच पिणे म्हणतात.

बर्बनमध्ये चाखण्यासारखे पुष्कळ असते, म्हणून सावकाश चाखणे आणि घशाखाली ढकलणे यांतला फरक तिथे लवकर लक्षात येतो. कायद्यानेच तिच्या धान्यात निदान 51 टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपातच मुरवावी लागते. त्या जळक्या लाकडातून व्हॅनिला, जळालेली साखर आणि खोबऱ्यासारखा वास दारूत उतरतो. आग अंगावर आली की यातले काहीच हाती लागत नाही. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवले, की व्हिस्कीला धुरकट वास देणारा ग्वायाकॉल हा घटक कडक दारूत अल्कोहोलच्या रेणूंनी वेढलेला राहतो आणि पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे येतो. तो अभ्यास संगणकापुरता होता, पण मुरलेले चाखणारे पाण्याचे थेंब का घालतात याचा काही उलगडा त्यातून होतो. हिशेबही साधा आहे. 42.8 टक्क्यांच्या 30 मिली दारूत 10 मिली पाणी घातले की तीव्रता 32 टक्क्यांवर येते. पहिला घोट चमचाभरच घ्यावा आणि जिभेवर फिरवावा. त्यावरून चव ठरवू नये, कारण तो जीभ सरावण्यापुरताच असतो. वास घेताना नाक ग्लासात न खुपसता तोंड किंचित उघडे ठेवावे. बर्फाने आग कमी होते खरी, पण वासही दबतो.

कोल्ड्रिंकमध्येही पाणीच असते, मग त्याने काय बिघडले, असे कुणी विचारेल. आग ही शरीराची वर्दी आहे. पाण्याने ती मंद होते, तरी दारूची चव दारूचीच राहते आणि आपण काय पितो आहोत याचे भान सुटत नाही. साखरेने आणि गारव्याने ती वर्दीच बुजते, ग्लास सरबतासारखा रिकामा होतो आणि चढल्यावर जाग येते. स्ट्राँग बिअरचे उदाहरण घ्या. 8 टक्क्यांच्या 650 मिली बाटलीत 52 मिली शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे व्हिस्कीच्या जवळजवळ चार लहान पेगांइतके. घसा जळत नाही म्हणून तिला ‘नुसती बिअर’ म्हणतात. आग जितकी कमी तितके अल्कोहोल कमी, हा समज किती खोटा आहे हे त्या एका बाटलीत दिसते.

यावर सर्वांत खरा आक्षेप बीडमधूनच येईल. दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी कोयता घेऊन बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड टाकणाऱ्या जिल्ह्यात, उचलीचा म्हणजे आगाऊ मजुरीचा पैसा दारूत गेल्यावर पोरांना काय घालायचे या विवंचनेतल्या बायांपुढे, चवीच्या गोष्टी कसल्या करता? हा आक्षेप मी मान्य करतो. दारूबंदीसाठी बाटली आडवी करायला निघालेल्या बायकांच्या बाजूनेच मी उभा आहे. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितले आहे. जो पीत नाही, त्याने चवीसाठीही सुरुवात करू नये. पण जो पितोच, त्याला ‘पिऊ नको’ एवढेच सांगून आपण थांबतो आणि किती व कसे हा विषय गुत्त्यावरच्या सोबत्यांवर सोडून देतो. ते त्याला काय शिकवतात, हे घरोघरी दिसते आहे.

दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत चाखण्यासारखे असतेच काय? बरोबर आहे. ती बहुतेक मळीच्या किंवा धान्याच्या, 96 टक्क्यांपर्यंत शुद्ध करून चव काढून टाकलेल्या स्पिरिटची असते. मळीच्या स्पिरिटला युरोपीय महासंघात व्हिस्की हे नाव लावता येत नाही. इथल्या मजुराने तोडलेल्या उसाची मळी अशी रंग आणि वास लावून त्याच्याच हातात परत येते. ज्या पेयात चव ठेवलेलीच नाही, ते नशेसाठीच विकले जाते, हे पाणी घालून सावकाश प्यायल्यावर चटकन कळते. आणि ते कळलेलेच बरे.

राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे म्हणून एक मागणी आहे. बाटलीवर टक्के छापलेले असतात, पण टक्क्यांवरून पोटात गेलेल्या अल्कोहोलचा अंदाज फार थोड्यांना येतो. प्रत्येक बाटलीवर आतले अल्कोहोल ग्रॅममध्ये, मराठीत, किमतीएवढ्या ठळक अक्षरांत छापा. 42.8 टक्क्यांच्या 180 मिली क्वार्टरमध्ये ते सुमारे 61 ग्रॅम भरते. पाणी घातले तरी तेवढेच, कोल्ड्रिंक घातले तरी तेवढेच.