पाठीवरचा वारा

नोव्हेंबर उजाडला की अमूर ससाणा भारत ओलांडू लागतो. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघालेला हा जीव नागालँडमधल्या दोयांग जलाशयापाशी थांबतो, पंख फुटलेल्या वाळवीवर यथेच्छ ताव मारतो आणि पुढे अरबी समुद्रावर झेपावतो, तो थेट आफ्रिकेकडे. मध्ये टेकायला फांदीसुद्धा नाही. आपण कौतुक करतो ते पंखांचं. पण निम्मं श्रेय ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्याचं आहे. तो पाठीशी असतो म्हणून पल्ला गाठता येतो. समोरून आला असता, तर अंगात साठवलेली चरबी वाटेतच संपली असती. उन्हाळ्यात परतीच्या वेळी वारा नैऋत्येचा होऊ लागतो, म्हणजे पुन्हा पाठीवरच! हे वेळापत्रक पिल्लांना कोण शिकवतं, देव जाणे.

२०१२ साली दोयांगला या पाहुण्यांची हजारोंनी शिकार झाली होती. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती थांबवली.

हिवाळ्याच्या तोंडावर लोणावळ्याला गेलात, तर विजेच्या तारांकडे एकदा नजर टाका; वाटेत विसावलेला अमूर ससाणा कदाचित तिथे दिसेल.