साठ वर्षांचे कुलूप आणि १९१४ ची किल्ली

१/
प्रताधिकाराचा, म्हणजेच कॉपीराइटचा, वाद निघाला की दोन ठरलेली विधाने ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, पूर्वी साहित्य सर्वांचे होते, कायद्याने ते कोंडले. दुसरा म्हणतो, पूर्वी लेखक नागवला जाई, कायद्याने त्याला तारले. यातले ‘पूर्वी’ म्हणजे नेमके केव्हा, हे मात्र कोणीच सांगत नाही. #थ्रेड

२/
कायदाच नव्हता त्या काळापासून आरंभ करू. हस्तलिखितांच्या युगात नक्कल करण्यास कोणाची आडकाठी नव्हती. परिणाम काय झाला? ज्ञानेश्वरीत पाठभेद आणि प्रक्षेप इतके शिरले की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांना ग्रंथशुद्धी हाती घ्यावी लागली. पुढे भर घालू पाहणाऱ्यांना त्यांनी कडक ताकीदही दिली. मुक्त प्रसाराची किंमत मूळ संहितेने मोजली होती. तो काळ सुवर्णयुग नव्हे.

३/
छापखान्याच्या युगातील पहिला महत्त्वाचा कायदा इंग्लंडमधला, १७१० चा. त्याच्या शीर्षकातच विद्येस उत्तेजन देण्याचा हेतू नमूद होता. नव्या पुस्तकाला संरक्षण १४ वर्षांचे. लेखक हयात असल्यास आणखी १४ वर्षे. मुदत आखूड होती, कारण मक्तेदारी हे साधन होते, साध्य नव्हे.

४/
१८४१ मध्ये टॅलफर्ड या खासदाराने ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत नेणारे विधेयक मांडले. त्यास कडाडून विरोध करणारा वक्ता होता मेकॉले. १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे भारतात आजही बदनाम असलेला तोच. ५ फेब्रुवारीच्या भाषणात त्याने प्रताधिकाराला लेखकाच्या लाभासाठी वाचकांवर बसवलेला कर म्हटले.

५/
त्याची उदाहरणे मार्मिक होती. मिल्टनच्या काव्याचे हक्क एका पुस्तकविक्रेत्याकडे असताना कवीची नात दारिद्र्यात होती. तिच्या मदतीसाठी १७५० मध्ये नाट्यप्रयोग करावा लागला. बॉसवेलने लिहिलेले जॉन्सनचे चरित्र त्याच्या थोरल्या मुलाला घराण्यावरील डाग वाटे. दीर्घ मुदतीचा पैसा वारसांना मिळेलच असे नाही. पुस्तक दडपण्याची सत्ता मात्र त्यांना हमखास मिळते.

६/
विधेयक पडले. १८४२ च्या तडजोडीने मुदत ठरली ती प्रकाशनापासून ४२ वर्षे किंवा लेखकाच्या मृत्यूनंतर ७ वर्षे, यांपैकी जी अधिक असेल ती. १८४७ मध्ये कंपनी सरकारने हाच हिशेब भारतात आणला. मेकॉलेने जी ६० वर्षे रोखली, ती पुढे स्वतंत्र भारताने आपणहून स्वीकारली, हा इतिहासाचा विनोद.

७/
या दोहोंच्या मधोमध विसरला गेलेला कायदा आहे १९१४ चा. १९११ च्या ब्रिटिश कायद्यावर बेतलेल्या या कायद्याने मुदत मृत्यूनंतर ५० वर्षांपर्यंत वाढवली, पण तिला एक दारही ठेवले. लेखकाच्या मृत्यूला २५ वर्षे उलटली की कोणीही प्रकाशक रीतसर नोटीस देऊन आणि छापील किमतीच्या १० टक्के स्वामित्वधन भरून ते पुस्तक छापू शके. (वसाहतीचा कायदा म्हणून तो सरसकट वाईट ठरत नाही.)

८/
या तरतुदीचे मर्म असे : तिने पैसा आणि नकार यांची फारकत केली. पहिली २५ वर्षे वारसांकडे दोन्ही. नंतरची २५ वर्षे पैसा वारसांचा, पुस्तक मात्र वाचकांचे. मेकॉलेने दाखवलेल्या दोषावरचा हा नेमका उपाय होता.

९/
अनुवादालाही तेव्हा मोकळीक होती. भारतात प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा अनुवादाचा एकाधिकार दहा वर्षांचा. त्या अवधीत एखाद्या भाषेत अधिकृत अनुवाद निघाला नाही, तर त्या भाषेपुरता तो संपे. बहुभाषिक देशाला शोभणारा हा विचार होता.

१०/
१९५७ च्या कायद्याने ५० वर्षे ठेवली, पण दहा टक्क्यांचे हे दार बंद केले. मग रवींद्रनाथांचा प्रश्न आला. त्यांचे निधन १९४१ चे. हक्क १९९१ अखेर संपणार होते. विश्वभारतीकडील हे हक्क टिकावेत म्हणून डिसेंबर १९९१ मध्ये अध्यादेश निघाला आणि १९९२ मध्ये मुदत ६० वर्षांची झाली. एका कवीसाठी केलेली वाढ देशातील प्रत्येक भाषेच्या प्रत्येक लेखकाला लागू झाली.

११/
मराठीत याचा अर्थ काय? साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० चे. जुन्या मुदतीने त्यांचे साहित्य १ जानेवारी २००१ ला मुक्त झाले असते. ते झाले २०११ ला. ‘श्यामची आई’ दुर्मीळ नव्हती, म्हणून ही दहा वर्षे कोणाला जाणवली नाहीत. ज्यांच्या पुस्तकांची दुसरी आवृत्तीच निघाली नाही, त्यांचे काय?

१२/
१९७० साली निवर्तलेला मराठी लेखक घ्या. प्रकाशनसंस्था बंद पडलेली, वारस पांगलेले, आपल्याकडे काही हक्क आहेत याची त्यांनाही कल्पना नाही. तरीही ३१ डिसेंबर २०३० पर्यंत ते पुस्तक कुलूपबंद. ग्रंथालय जतनासाठी प्रत करू शकते. नवी आवृत्ती काढणाऱ्या छोट्या प्रकाशकाला परवानगी हवी, आणि ती देणारा सापडत नाही.

१३/
अशा पुस्तकांसाठी कलम ३१-क आहे, असे उत्तर मिळते. आहे खरे. पण त्यासाठी अर्ज, सुनावणी आणि देशभर खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात. पाचशे प्रती काढू पाहणाऱ्या मराठी प्रकाशकाने जाहिरातीचा खर्च कोठून भरून काढावा? १९१४ मध्ये नोटीस आणि दहा टक्के पुरत होते.

१४/
मुक्त आवृत्त्यांनी संहिता भ्रष्ट होईल, ही भीती एकनाथकालीन आणि रास्त आहे. परंतु लेखकाचे नाव आणि कृतीची अविकृतता कलम ५७ प्रताधिकाराहून स्वतंत्रपणे जपते. त्यासाठी मक्तेदारी लांबवण्याची गरज नाही.

१५/
आंतरराष्ट्रीय करारांचा अडसरही वाटतो तेवढा नाही. त्यांचा किमान दंडक मृत्यूनंतर ५० वर्षांचा. वरची दहा वर्षे आपली स्वतःची निवड. शिवाय बर्न करार मुख्यतः परदेशी कृतींच्या रक्षणाचा आहे. आपल्या लेखकांच्या, आपल्याकडे प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांना २५ वर्षांनंतर दहा टक्क्यांचा नियम लावणे संसदेच्या हाती आहे.

१६/
तेव्हा पूर्वी सारे चांगले होते, असे नाही. १८४७ च्या कायद्यात नोंदणीवाचून दावा लावता येत नसे. १५८४ मध्ये तर दावाच नव्हता. पण भूतकाळातील एक कलम आजच्यापेक्षा निःसंशय शहाणे होते. वारसांना त्यांचा वाटा मिळावा. विस्मृतीत गेलेल्या लेखकाला त्याचा वाचक मिळावा. १९१४ च्या कायद्यात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या. (समाप्त)