गोळीच्या पट्टीबरोबर न मिळणारी माहिती

प्रति,
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जालना
व मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जालना



नैराश्यावरील औषध सुरू झाल्यावर काही रुग्णांचे केस गळू लागतात. हा दुष्परिणाम विरळ असला, तरी सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन यांसारख्या नेहमीच्या औषधांबाबत त्याची नोंद झालेली आहे; लिथियम व व्हॅल्प्रोएट या मनोविकारांवरील अन्य औषधांत तर तो अधिक आढळतो. डोक्यावरचा केस काही वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने त्याची वाढ थांबते आणि तो गळतो. औषधामुळे पुष्कळ केस एकाच वेळी या थांबलेल्या अवस्थेत गेले, की दोन ते चार महिन्यांनी ते एकदम झडू लागतात, आणि या गळतीलाच वैद्यकात टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. औषधाने झोप व भूक सुधारू लागलेली असते, नेमक्या त्याच सुमारास हे घडते. मुळे शाबूत असल्यामुळे मात्रा कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर केस बहुधा पुन्हा येतात; मात्र ही गोष्ट पहिल्या दिवशीच सांगितली गेली, तरच तिचा धीर वाटतो.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पामुळे जालन्यासह शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे विचारू लागल्या, हे मोठेच काम आहे. तथापि मंठ्याच्या वा भोकरदनच्या एखाद्या खेड्यातील स्त्रीला कात्रीने कापलेली गोळ्यांची पट्टी मिळते, तेव्हा तिच्यासोबत माहितीपत्रक नसते. पुढे फणीत रोज मोठा गुंतवळ येऊ लागला, की सासरी लपवून ठेवलेला आजार डोक्यावर दिसू लागल्यासारखे तिला वाटते आणि ती कोणाला न सांगता गोळी बंद करते. अशी अचानक बंद केलेली गोळी चक्कर, मळमळ व बेचैनी आणते, आणि मूळ आजारही उलटू शकतो. या भीतीला नटण्यामुरडण्याची हौस समजून झटकून टाकणे अन्यायाचे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील गावांत, अनेकांचे केस एकदम गळाले, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक तेथे पोहोचले, आणि ते योग्यच होते. एकट्या रुग्णाच्या गळतीची दखल घेणारी व्यवस्थाही देशात आहे: २०१० पासून चालणाऱ्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमात रुग्ण स्वतः दुष्परिणाम कळवू शकतो, आणि त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. तो मनोविकार विभागाच्या दारावर, औषधखिडकीवर आणि केसपेपरवर मराठीत छापलेला असावा.

गळतीचा दोष दरवेळी गोळीचाच असतो, असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. थायरॉइडचे विकार, मोठा ताप, बाळंतपण आणि खुद्द मानसिक ताण यांमुळेही केस जातात. म्हणून तक्रार आल्यावर हिमोग्लोबिन व थायरॉइडची तपासणी त्याच भेटीत व्हावी, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय गोळी थांबवू नये हे रुग्णाला स्पष्ट सांगावे, आणि तिसऱ्या महिन्यातील गृहभेटीत आशा कार्यकर्तीने झोप-भुकेबरोबर केसांविषयीही विचारावे, अशी विनंती आहे.