विद्येचे फळ अधिकारच काय?

विद्या संपादावी ती अधिकारासाठी, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतून रूढ झाला आहे. मुलगा स्पर्धापरीक्षेत उतरला म्हणजे त्याची विद्या सार्थकी लागली. न उतरला म्हणजे ती वाया गेली! या समजाच्या पुष्टीसाठी चीनमधील पंडित-अधिकाऱ्यांचा दाखला देण्यात येतो. आमच्या मते हा साक्षीदार उलट पक्षाचा आहे.

चू शी (११३०–१२००) हा कन्फ्यूशियसच्या अनुयायांतील अग्रगण्य पंडित. ११४८ साली, ऐन तारुण्यात, तो राजपरीक्षा उतरला. तथापि प्रत्यक्ष अधिकारावर तो जेमतेम नऊ-दहा वर्षेच होता. उरलेले आयुष्य त्याने अध्ययन-अध्यापनात वेचले. ११७१ साली त्याने अडल्या शेतकऱ्यांस धान्य उसने देणारे गावकोठार उभारले. पुढे प्रांताधिकारी असता एका पडक्या विद्यालयाचा जीर्णोद्धार केला. शिष्यांशी तो बोलीभाषेत बोले व शिष्य ते टिपून ठेवीत. अखेरीस दरबाराने त्याचे मत 'खोटी विद्या' ठरविले आणि तो अधिकारभ्रष्ट स्थितीतच वारला. १३१३ साली मंगोल बादशहाने त्याचीच भाष्ये परीक्षेस नेमली. ती १९०५ साली परीक्षा बंद होईपर्यंत टिकली. ज्याने मनःशुद्धीसाठी वाचन सांगितले, त्याचे ग्रंथ नोकरीसाठी घोकले जाऊ लागले!

आता आपल्याकडे पाहू. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप. व्रते, दाने, श्राद्धे यांचा परामर्श घेणारा त्याचा 'चतुर्वर्गचिंतामणि' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ त्याच्या पांडित्याची साक्ष देतो. परंतु सामान्य मराठी माणसास हेमाडपंत ठाऊक आहे तो देवळांच्या दगडांवरून. ग्रंथ पंडितांच्याच कपाटात राहिला.

त्याच यादवांच्या जुन्या मुलखात, बीडजवळ, कपिलधार आहे. तेथे धबधब्यानजीक सोळाव्या शतकातील मन्मथस्वामींची समाधी आहे. स्वामींस राजाधिकार नव्हता. त्यांनी वीरशैव तत्त्वज्ञान 'परमरहस्य' या ग्रंथात मराठी ओवीत सांगितले. आजही घरोघर त्याचे पारायण होते, आणि कार्तिकी पौर्णिमेस कपिलधारेस यात्रा लोटते. चू शीच्या ठायी अधिकारी आणि लोकगुरू एकत्र नांदले. आपल्याकडे एक देवगिरीस गेला, दुसरा कपिलधारेस राहिला.

कोणी म्हणेल, 'मग राज्यकारभार काय अडाण्यांच्या हाती द्यावा?' मुळीच नाही. अधिकारी विद्वान असावा, हेच इष्ट होय. आमचा आक्षेप आहे तो अधिकारास विद्येचे माप ठरविण्यास. या मापाने कपिलधारेचा गुरू अनुत्तीर्ण ठरतो, आणि अधिकार गेल्यावर शिकवीत राहिलेला चू शीही फुकट गेला असे म्हणावे लागते.

आपल्या मुलांनी परीक्षा अवश्य द्याव्यात. मात्र निकालाच्या दिवशी आईबापांनी एवढे विचारावे : तू जे शिकलास, ते शेजाऱ्यास त्याच्या भाषेत सांगता येते काय?